घार म्हणते

घार हल्ली फोनवर काही विचारत नाही, ही गोष्ट आईच्या मनातून काही केल्या जाईना.

एके काळी पोरीच्या प्रश्नांनी आईचे कान किटायचे. लग्न होऊन सासरी गेली तरी दिवसातून तीनदा फोन. लोकरीचं जॅकेट कोमट पाण्यात टाकू की गार? सासरे जेवताना पेपर वाचतात, बोलले तर राग येईल का? नवरा घोरतो, त्याला काय करायचं? आई वैतागून म्हणायची, "तुला देवाने डोकं दिलंय ना? ते वापर की जरा!" आणि फोन ठेवल्यावर स्वतःशीच हसायची. आता वर्ष होत आलं, स्वतःसाठी एक प्रश्न नाही. फोन येतो तो ठरल्यासारखा दुपारी अडीचला, कपडे काढायला गच्चीवर गेली की. वारा बरा आहे, चादरी वाळल्या, तुझा गुडघा कसा आहे, कधी दुकानातलं एखादं वाक्य, संपलं.

आजही तसंच झालं. चादरी, वारा, गुडघा. मग मध्येच, जणू दूधवाल्याचं काही सांगावं तशा आवाजात घार म्हणाली, "उद्या अकराला दातांचे डॉक्टर येतायत. नाकाडा न्यायला. सकाळी कार्डावर सही करून द्यायचीय."

"मग?" आईने विचारलं.

"मग काय? करायची."

"अगं, पण—"

"आई, चिमटे पडले खाली. ठेवते."

आई फोन हातात धरून तशीच उभी राहिली. चिमटे पडल्याचा आवाज तिने ऐकला नव्हता.

नाकाडा म्हणजे चांदीचं एक जुनं नाणं. त्यावरच्या राजाचं नाक एवढं मोठं की बाजारात त्याला कुणी दुसऱ्या नावाने ओळखतच नाही. त्यातही एका सालचे नाकाडे फार थोडे पाडले गेले. तसला एक घारीच्या सासऱ्यांच्या दुकानात होता, आणि तो खरा होता. खोटा असता तर गोष्ट सोपी होती.

घार हे काही तिचं खरं नाव नाही. सहा वर्षांची असताना तिने शेजारणीच्या नव्या कोऱ्या पातेल्याकडे बघून सांगितलं होतं, "काकू, हे कुणीतरी आधी वापरलंय." शेजारणीने दुकानदाराशी भांडून खरं-खोटं केलं, तर पोरीचं बरोबर निघालं. बाबा म्हणाले, "पोरगी नाही, घार आहे!" तेव्हापासून तेच नाव चिकटलं. कुणाचा शर्ट उसवून परत शिवलाय, कुठल्या भिंतीवर नंतर रंग मारलाय, फोटोतून कुणाला कापून काढलंय, हे तिला आपोआप दिसायचं. आईला त्या डोळ्यांचं कौतुक वाटायचं आणि जरा भीतीही वाटायची. परीक्षेत मात्र या डोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. कशीबशी पदवी मिळाली आणि ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. तिथेच नाण्यांच्या लिलावाची यादी छापायला एक मुलगा यायचा. यादीतल्या फोटोवर बोट ठेवून घार त्याला म्हणाली, "हे आणि हे एकच नाणं आहे. दोन वेगळी म्हणून का छापताय?" मुलाने घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वर्षभरात लग्न झालं. सासरे बैठकीत गमतीने म्हणालेसुद्धा, "मुलाला मुलगी आवडली की नाही ते तो जाणे, मला डोळे आवडले." सगळे हसले. आईही हसली होती.

सासऱ्यांना बाजारात सगळे भिंगवाले म्हणत. उंच, किरकोळ, बोलायला गोड. गळ्यात काळ्या दोरीला भिंग. मुलगा, म्हणजे जावई, माल विकायला गावोगाव फिरायचा, महिन्यातले दहा दिवस घरी. वडिलांपुढे त्याने कधी ब्र काढला नव्हता. दुकान खाली, घर वर, आणि वर जायचा जिना दुकानाच्या पोटातून. पुढे जाळीचं दार, त्याच्या आत लोखंडी दार, दोन्हींना कुलपं, चाव्या भिंगवाल्यांच्या कमरेला. मौल्यवान माल आहे म्हटल्यावर कुणी काय बोलणार? घराबाहेर पडायचं तर म्हणायचं, "मामंजी, दार." त्यांनी कधी 'कुठे चाललीस' असं विचारलं नाही. फक्त चावी फिरवताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, आणि परत आल्यावर चावी फिरवताना पुन्हा बघायचे. पुढे पुढे सगळ्यांचे फोन काउंटरखालच्या लाकडी ट्रेमध्ये, दुकान बंद झाल्यावरही. "हात आणि कान मोकळे हवेत," असं त्यांचं म्हणणं. दुपारी अर्धा तास तेवढी सुट्टी.

दोन वर्षांपूर्वी आई तिथे चार दिवस राहायला गेली होती. मागच्या खोलीत घार काम करायची. खिडकी नाही, भिंती राखाडी, टेबलावर मऊ काळं कापड, त्याच्यावर एकच दिवा. आईला बाजूच्या स्टुलावर बसवून तिने एक नाणं कडेने, दोन बोटांत उचललं.

"आई, नाण्याकडे बघायचं नाही. त्याच्यावरच्या उजेडाकडे बघायचं."

तिने नाणं हळूच कलतं केलं. उजेडाचा एक पट्टा राजाच्या गालावरून निघाला, मागच्या केसांवरून वळला, अक्षरांवरून सरकत गोल फिरला.

"बघ, पळतोय. याला कुणी हात लावलेला नाही. आता हे दुसरं."

दुसरं नाणं पहिल्यापेक्षा लख्ख होतं. तिने ते कलतं केलं तरी उजेड सगळीकडे सारखा पसरून गप्प बसला.

"याला घासलंय. भिंगातून बघ, बारीक बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. फडकं फिरवल्याच्या."

"पण स्वच्छ दिसतंय की!"

"तेच तर! दोनशे वर्षांचं माणूस आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, तर तू काय म्हणशील?"

"म्हणेन, नशीबवान आहे."

पलीकडे बसलेले भिंगवाले खदखदून हसले. "विहीणबाई, तुम्ही अगदी आमच्या गिऱ्हाइकासारखं बोललात!"

मग घार कामाला लागली, आणि आईने ती पद्धत पहिल्यांदा पाहिली. घार नाणं फिरवत जे दिसेल ते मोठ्याने बोलायची आणि सासरे समोर बसून वहीत लिहून घ्यायचे. "अक्षरांच्या कुशीत मळ नाही, आम्लात बुडवलंय... केसांच्या रेघा नंतर कोरल्यात, कडा अजून बोचऱ्या आहेत... वरच्या कडेला कडी जोडलेली होती, काढून कानस मारलीय." एकीकडे बोलणं, एकीकडे लेखणीची खसखस. जे नाणं निखळ ठरेल त्याचं छोटं कार्ड बनायचं, आणि कार्डाखाली घारीची सही. गिऱ्हाइकासमोर मात्र तिने यायचं नाही. "परीक्षक आत असलेला बरा," भिंगवाले समजावायचे, "म्हणजे भीड पडत नाही."

आईला त्या वहीचं फार अप्रूप वाटलं. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली होती, "बघा, तिचं बोलणं वाक्यन् वाक्य लिहून घेतात. तुम्ही इतक्या वर्षांत माझं एक वाक्य लिहून घेतलंत?"

"मी डेपोत बसच्या वेळा लिहायचो," बाबा म्हणाले. "तू बसपेक्षा जास्त फेऱ्या मारतेस. कागद पुरला नसता."

त्या वहीचा अर्थ कळायला आणखी वर्ष जावं लागलं.

नाण्यावरचे ओरखडे माणसाच्या तळहातावरच्या रेषांसारखे, दोन नाण्यांचे सारखे नसतात. गेल्या वर्षी 'एका जुन्या घराण्याकडून आलेला' म्हणून सहा नाण्यांचा संच टेबलावर आला. त्यातल्या एकात राजाच्या कानामागे तीन बारीक खळगे होते, मुंग्या रांगेत चालाव्यात तसे. हे खळगे घारीने पाहिले होते. त्याच्या सात महिने आधी, याच टेबलावर. तेव्हा ते नाणं घासून चकचकीत केलेलं होतं आणि तिने ते बाद केलं होतं. आता त्याच्यावर कडेपासून मध्याकडे जाणारी सुरेख करडी झाक होती. अक्षरांच्या कुशीत मळ होता. उजेडसुद्धा थोडा थोडा पळत होता. खळगे नसते तर तिने ते पास केलं असतं.

खळग्यांचं तिने वहीत जाऊ दिलं नाही. भिंगवाले जेवायला वर गेले तेव्हा तिने वही उघडली.

हे सगळं तिने आईला गच्चीवरून सांगितलं होतं, दोन दिवस, अर्धा अर्धा तास. वहीच्या प्रत्येक पानावर उभी रेघ होती. डावीकडे निळ्या शाईत तिची वाक्यं, प्रत्येकाची सुरुवात 'घार म्हणते' अशी. उजवीकडे लाल शाईत त्यावरचा उपाय.

"घार म्हणते, अक्षरांच्या कुशी कोऱ्या. मग लाल शाईत, काजळी आणि मेण, सुईने," ती सांगत होती. "घार म्हणते, रंग ओरखड्यांच्या आतही तेवढाच गडद, म्हणजे नंतर चढवलाय. मग लाल शाईत, आधी रंग, मग फडकं. घार म्हणते, वास येतो. लाल शाईत, तीन महिने लाकडी खणात. आई, एकेक नाणं चार-चार, पाच-पाच वेळा माझ्यासमोरून गेलंय. मी चूक काढायची, ते दुरुस्त करायचे, थोडे दिवस जाऊ द्यायचे, पुन्हा माझ्यासमोर ठेवायचे. आणि शेवटी काय लिहिलंय माहितीये? घार म्हणते, काही नाही. त्याच्याखाली दोन रेघा."

"म्हणजे?" आईला खरंच लगेच उमगलं नव्हतं.

"म्हणजे मला कळलं नाही, तर बाजारात कुणालाच कळणार नाही. मी परीक्षक नाही गं. मी त्यांची चाळणी आहे. मी जेवढी तयार होतेय, तेवढे ते तयार होतायत. त्यांना हे सगळं मीच शिकवलं, चार वर्षं, रोज, मोठ्याने."

त्या दिवशी तिने शेवटचा खरा प्रश्न विचारला होता. "आई, मी काय करू?"

आणि आई काय म्हणाली? आईला ते शब्द आता घास गिळताना आडवे येत. ती म्हणाली होती, "थोडं जमवून घे, बाळा. घर म्हटलं की असं काहीतरी असतंच."

घर म्हटलं की काय असतं? वह्या असतात? पण त्या वेळी आईला डोळ्यांपुढे दिसलं ते एवढंच की पोरगी बॅग घेऊन दारात उभी आहे आणि सगळी गल्ली बघतेय. भीतीने तोंडातून निघालं ते शहाणपण म्हणून निघालं.

घारीने जमवून घ्यायचा प्रयत्नही केला. आधी तिने बोलणं बंद केलं. नुसतं 'हे हो, हे नाही' सांगायची, कारण द्यायची नाही. भिंगवाले दोन दिवस थांबले, मग मऊ आवाजात म्हणाले, "सूनबाई, घसा बसलाय का? डॉक्टरकडे जाऊ या." तिसऱ्या दिवशी जावई दौऱ्यावरून परत आला, तर त्याला पुढचे पंचवीस दिवस दौऱ्यावर धाडलं. तो जाताना दबक्या आवाजात म्हणाला, "बोल ना गं. बोलायला काय जातंय तुझं?"

मग तिने खोटं बोलून पाहिलं. चांगल्याला वाईट म्हणायचं, म्हणजे वहीत भलतंच जाईल आणि ते भरकटतील. त्याच आठवड्यात एक निवृत्त नर्स मलमपट्टीच्या पत्र्याच्या डब्यात नवऱ्याची नाणी घेऊन आली. अस्सल, कुणी फुंकर न घातलेली. घार आतून म्हणाली, "धुतलेली आहेत." भिंगवाल्यांना ती निखळ आहेत हे दिसत होतं की नाही, देव जाणे. त्यांनी बाहेर जाऊन नर्सला तेच सांगितलं आणि निम्म्याहून कमी भाव दिला. आतल्या खोलीत घारीला बाईचा आवाज ऐकू आला, "पण त्यांनी तर कधी डब्यातून बाहेरही काढली नव्हती हो." मग जाळीच्या दाराचा आवाज. घार खुर्चीवरून उठली होती, पण दाराची चावी काही तिच्या कमरेला नव्हती.

त्यानंतर ती पुन्हा खरं बोलायला लागली. खरं बोलली की पुढचं नाणं जास्त बेमालूम होणार, खोटं बोलली की कुणीतरी बिचारं नागवलं जाणार, गप्प बसली तर घसा दाखवायला डॉक्टर. एकदा तिने धीर करून विचारलं, "मामंजी, हे उघडकीला आलं तर?" ते चष्मा पुसत म्हणाले, "मला मोतीबिंदू आहे, सूनबाई. मला कुठे नीट दिसतं? मी तुझ्या भरवशावर. एकशे बारा कार्डं झाली, सही कुणाची आहे त्यांच्यावर?" आणि प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात, घार म्हणाली होती, दिवसभर डोक्यावरून उतरला नाही.

दुसरीकडे काम तरी कुठे मिळणार? हा बाजार मूठभर माणसांचा. भिंगवाल्यांनी 'पोरीची नजर गेली' एवढं म्हटलं की झालं. आणि ही सही माझी, पण ही कार्डं माझी नाहीत, हे ती कुणाला पटवणार? वही होती, पण वहीत काय होतं? तिचंच बोलणं. लाल शाईतल्या ओळींवर नाण्याचं नाव नाही, तारीख नाही.

नाकाड्यावर भिंगवाल्यांनी आठ महिने काढले होते. कुणीतरी कधीकाळी त्याला भोक पाडून गळ्यात घातलं होतं. ते भोक त्यांनी तसल्याच जुन्या चांदीने भरलं, वरचं अक्षर पुन्हा कोरलं, रंग बसवला. पाच वेळा ते घारीसमोर आलं आणि पाच वेळा तिने सांगितलं. सहाव्या वेळी, मागच्या आठवड्यात, तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "काही नाही." खरंच काही दिसलं नव्हतं की थकली होती, ते तिने आईला सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही.

आणि घेणारे दातांचे डॉक्टर. आईने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं पत्र तिच्या घरी होतं. वही सापडण्याच्या आधी, कामाचा अभिमान होता त्या दिवसांत, घारीने ते आईकडे ठेवायला दिलं होतं, आणि आईने विजेच्या बिलांच्या फायलीत लावलं होतं. आता तिन्हीसांजेला तिने फाईल काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि चष्मा लावला. अक्षर किंचित थरथरतं होतं.

'परीक्षक बाईंना, आपली भेट नाही, पण तुमच्या कार्डांची भाषा मला आवडते. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून मला एवढं कळतं की नीट बघणारा माणूस थोडक्यात बोलतो. माझे हात आता कापतात, भिंग स्थिर राहत नाही, म्हणून मी तुमच्या डोळ्यांनी बघतो. दवाखाना विकला की एकच नाणं घ्यायचं आहे, ते मिळालं की संग्रह पुरा. ते तुमच्याच हातून यावं.' खाली फोन नंबर, ठसठशीत, प्रत्येक आकडा सुटा.

"काय वाचतेयस?" बाबा शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले.

"दातांच्या डॉक्टरांचं पत्र."

"दाढ दुखतेय?"

"अहो, थट्टा पुरे. उद्या अकराला तो माणूस दवाखान्याचे पैसे घेऊन त्या दुकानात जाणार आहे. आणि आपली पोरगी सही करणार आहे."

बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना सगळं माहीत होतं. आईने वेळोवेळी सांगितलं होतं, आणि त्यांनी वेळोवेळी 'दुसऱ्याच्या घरात आपण नाक खुपसू नये' म्हटलं होतं. आज ते तसं म्हणाले नाहीत. "तिने तुला सांगितलं, म्हणजे काय करायचं ते तिने ठरवलंय," ते म्हणाले.

"तिने काही ठरवलेलं नाही. ठरवायचं बंद केलंय तिने. तुम्हाला फरक कळतो का?"

"तिला फोन कर मग. विचार."

"फोन ट्रेमध्ये आहे. उद्या दुपारी अडीचला मिळेल. नाणं अकराला जाणार."

"दुकानाच्या नंबरवर कर."

"आणि काय सांगू? 'भिंगवाले, जरा सूनबाईंना द्या, तुमच्याबद्दल बोलायचंय'?"

बाबांनी कोडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "डॉक्टरला सांगून टाकलंस की नाणं दुरुस्त केलंय, तर तो थेट दुकानात जाऊन तमाशा करेल. भिंगवाले हात वर करतील. सही तिची. अडकेल कोण?"

"तेच तर," आई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

अडकेल कोण, हा प्रश्न ती महिनाभर सगळ्या बाजूंनी फिरवून बघत होती, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं. घार बोलली तरी अडकते, गप्प बसली तरी अडकते. आई बोलली तर घार अडकते. पण का? घारीचं बोलणं वाईट नव्हतं. पोरीने पाच वर्षं खरं तेच सांगितलं होतं, मधला एक आठवडा सोडला तर. फक्त ते एकाच माणसाच्या कानात जात होतं. समोर वही घेऊन बसलेल्या. ज्याला ते ऐकायला हवं तो बाहेर काउंटरवर बसायचा आणि त्याच्या हातात फक्त कार्ड यायचं. 'परीक्षक आत असलेला बरा.' आईला ते वाक्य तेव्हा किती शहाणपणाचं वाटलं होतं! सगळं दुकान त्या एका वाक्यावर उभं होतं.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "मी डॉक्टरांना नाण्याबद्दल काहीच सांगणार नाही."

"मग?"

"एवढंच सांगणार की उद्या नुसतं कार्ड घेऊ नका. जिची सही आहे तिला बाहेर बोलवा. तिच्या हातात नाणं द्या, दिव्याखाली, आणि तुमच्यासमोर मोठ्याने सांगायला सांगा की काय दिसतंय. ती बोलल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. गिऱ्हाईक तेवढं मागू शकतं की नाही?"

बाबांनी डोळे बारीक केले. डेपोत एखादी बस वेळेआधी आली की ते असेच बघायचे. "मागू शकतं," ते म्हणाले. "एवढे पैसे घेऊन आलेल्या माणसाला भिंगवाले नाही म्हणू शकत नाहीत. पण तिने तिथेही 'काही नाही' म्हटलं तर?"

"तर म्हटलं."

"आणि खरं सांगितलं तर? आधीच्या एकशे बारांचं काय?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही हो. तिच्याकडेही नाही. पण डॉक्टर समोर असले तर निदान तिने सांगितलेलं भिंगवाल्यांच्या वहीत जाणार नाही. पुढचं नाणं सुधारायला वापरलं जाणार नाही. एकदा तरी तिचं बोलणं ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकू जाईल."

"भिंगवाल्यांना कळेल, फोन कुणी केला ते."

"कळू दे."

"जावई?"

"जावयाला पंचवीस दिवस दौऱ्यावर पाठवतात तेव्हा तो जातो ना? मग आता ते परत बोलावतील तेव्हा परत येईल. त्याचं काही अडत नाही."

बाबांच्या ओठांवर हसू यायला निघालं आणि वाटेतच परतलं. "आणि ती इथे आली तर? बॅग घेऊन?"

आईने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घरातली बाई कुंड्यांना पाणी घालत होती. उद्या परवा ती विचारेल, पोरगी माहेरी का आली म्हणून. तिच्यामागे सगळी गल्ली विचारेल. वर्षापूर्वी याच प्रश्नाने आईच्या तोंडातून ते वाक्य काढलं होतं. भीती आजही तेवढीच होती, हे तिला जाणवलं. फोन केल्यावरही ती कमी होणार नव्हती. उद्या अकरापर्यंत वाढतच जाणार होती, आणि अकरानंतर कुठे जाईल ते सांगता येत नव्हतं. पोरगी चिडेल कदाचित. म्हणेल, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? म्हणू दे. निदान तो एक प्रश्न तरी असेल.

"आली तर आली," ती म्हणाली. "तिच्या पलंगावरचा तुमच्या कोड्यांचा ढीग उचला म्हणजे झालं."

बाबांनी फोन उचलून तिच्यासमोर ठेवला. तिने पत्र दिव्याखाली सरळ केलं, ठसठशीत लिहिलेला पहिला आकडा बोटाने दाबून धरला, आणि नंबर फिरवायला घेतला.